भुरटे चोर, नाट्यपंढरी आणि पाठमोरा राखणदार

गेल्या महिन्यात सांगलीत एका हौशी संघाने नवे दोन अंकी नाटक केले आणि तेव्हापासून शहरात त्यावर वाद चालू आहे. नाटकात मुख्य माणसे चार. पाठीच्या दुखण्यामुळे मार्केट यार्डातल्या हमालांच्या टोळीतून बाहेर पडलेला पन्नाशीचा गडी, हप्ते थकल्यामुळे ज्याचा टेम्पो ओढून नेला तो ड्रायव्हर, पानपट्टीवर काम करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा आणि भुरट्या चोऱ्यांपायी दोनदा आत जाऊन आलेला एक म्हातारा. हळदीच्या हंगामात एका अडत दुकानाचा गल्ला फोडायचा असा त्यांचा बेत असतो. तो निम्मा फसतो, राखणदाराच्या डोक्यात पहार बसते, हाती लागलेली रक्कम अगदीच किरकोळ निघते आणि दुसऱ्या अंकात ही चार माणसे एका खोलीत बसून एकमेकांवर नजर ठेवू लागतात. कथानक एवढेच आहे. त्यावर एका बाजूचे म्हणणे असे की, ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले त्या नाट्यपंढरीत शिव्या देणारे चोर रंगमंचावर आणणे हा परंपरेचा अपमान आहे आणि अशा नाटकांनी पोरे बिघडतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, हे वास्तव आहे, ते दाखवण्याचे स्वातंत्र्य कलावंताला आहे आणि ज्याला पाहवत नसेल त्याने पाहू नये. मी हे नाटक दोनदा पाहिले, दोन्हीकडचे म्हणणे लक्ष देऊन ऐकले, आणि हा वाद भलत्याच जागी चालला आहे असे माझे मत झाले आहे. भुरट्या चोराला रंगमंचावर जागा मिळालीच पाहिजे; त्याच्यासाठी याहून योग्य जागा दुसरी नाही. मात्र ‘हे वास्तव आहे’ हा काही त्याचा बचाव नव्हे. गुन्ह्याच्या नाटकाला कसोटी लावायची ती त्याने हिशेब पुरा मांडला की नाही, याची. या नाटकाने तो पुष्कळसा मांडला आहे आणि एका ठिकाणी सोडून दिला आहे, आणि जिथे सोडला आहे त्या जागेबद्दल दोन्ही बाजूंपैकी कोणी चकार शब्द काढलेला नाही.

आधी परंपरेचा मुद्दा घेतो, कारण तो सर्वांत मोठ्या आवाजात आणि सर्वांत कमी विचार करून मांडला जातो. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने भाव्यांनी जो खेळ उभा केला त्यात देव होते तसे राक्षसही होते, आणि त्या धाटणीच्या नाटकांना पुढे ‘अलल्डुर्र’ असे नाव पडले ते राक्षसांच्या आरोळ्यांवरूनच. म्हणजे या परंपरेचा जन्मच मुळी सज्जन आणि दुर्जन यांना एका फळीवर उभे करण्यातून झाला आहे. पण त्याहून जवळचा दाखला सांगलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर आणले. त्या नाटकातला शर्विलक हा घरफोड्या आहे. तो रात्री चारुदत्ताच्या भिंतीशी उभा राहून भोक कोणत्या आकाराचे पाडावे याचा कारागिराच्या बारकाईने विचार करतो, आणि मोजायची दोरी विसरली म्हणून गळ्यातले जानवे काढून त्याने माप घेतो. चोरी तो करतो ती आपल्या प्रेयसीला, मदनिकेला, दास्यातून सोडवण्यासाठी, कारण तिची किंमत मोजायला त्याच्याजवळ पैसे नाहीत. त्याच नाटकात जुगारात दहा मोहरा हरलेला संवाहक धनकोंना चुकवण्यासाठी रिकाम्या देवळात मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. कर्ज, जुगार, घरफोडी, पाठलाग, मारहाण: आज ज्यावर आक्षेप घेतला जातो त्यातले काय त्या नाटकात नाही? देवलांनी जानव्याने भिंत मोजणारा चोर आपल्या काळच्या प्रेक्षकांपुढे उभा केला, आणि १८९९ साली ‘शारदा’मध्ये पैशासाठी पोटची पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा कांचनभट उभा केला, तेव्हा ते परंपरा मोडत नव्हते. आज आपण जिच्या नावाने शपथ घेतो ती परंपराच ते घडवत होते. भाव्यांची तसबीर पुढे करून नव्या नाटककाराचे तोंड बंद करणाऱ्यांनी देवलांची संहिता एकदा उघडून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.

शिव्यांबद्दलचा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. पहिल्या अंकात शिव्या अतोनात आहेत आणि त्यातल्या बऱ्याच प्रेक्षकांना दचकवण्यासाठी घातल्या आहेत, हे ऐकताना कळते. पण माझी तक्रार सभ्यतेची नाही. कृष्णाकाठचा कष्टकरी माणूस शिवी कधी मायेने देतो, कधी रागाने, कधी नुसता श्वास सोडावा तशी. या तिन्हींचे सूर वेगळे असतात. नटांनी त्या सगळ्या एकाच सुरात फेकल्या, त्यामुळे दहा मिनिटांत त्यांचे वजन गेले. नाटकातली सर्वांत भेदक जागा ज्या संवादात आहे त्यात एकही शिवी नाही, हे लेखकानेच लक्षात घ्यावे.

आता पोरे बिघडण्याचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि नाटकाची बाजू घेणाऱ्यांनी तो तसा नेला याचे मला वाईट वाटते. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचे चित्रीकरण मोबाइलवर फिरवणारी मुले आपल्या आजूबाजूला आहेत. कमरेला कोयता लावून हिंडण्यात मोठेपणा वाटणारी मुले आहेत. ज्या आईचा मुलगा रात्री अकरा वाजता घरी आलेला नाही, तिला कलास्वातंत्र्याचे व्याख्यान देऊन काय उपयोग? शिवाय मी स्वतः पाहिलेल्या पहिल्या प्रयोगात, टेम्पो ड्रायव्हर सुरा काढून पोराला दम देतो त्या क्षणी मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. ती शिट्टी नाटकातल्या दुःखाला नव्हती, सुऱ्याला होती. नाटक पाहून कोणावर काहीच परिणाम होत नाही असे जे म्हणतात, त्यांनी मग नाटकामुळे समाज सुधारतो असेही म्हणू नये. परिणाम होतो तर तो दोन्ही दिशांनी होऊ शकतो, हे धरूनच चालावे लागेल.

पण मग पाहावे लागते ते हे, की माणूस अनुकरण कशाचे करतो. अनुकरण होते ते थाटाचे. संथ चालीने येणारी गाडी, गळ्यातली साखळी, मागे वाजणारे संगीत, मान झुकवणारी माणसे, यांचे. या नाटकातल्या चौघांजवळ यातले काही नाही. त्यांच्याजवळ एक स्टोव्ह आहे, त्यावर उतू जाऊन करपलेला चहा आहे, आणि पावसाळ्यात गळणारा पत्रा आहे. ज्या हाताने ड्रायव्हरने सुरा धरला होता तोच हात दुसऱ्या अंकात चहाचा पेला धरताना इतका थरथरतो की पेला खाली ठेवावा लागतो. आणि त्या वेळी मागच्या रांगांतून शिट्टी आली नाही. मराठी रंगभूमीने हे गणित पूर्वी मांडून दाखवले आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ यांच्यावर प्रेक्षक आजही पोट धरून हसतात. केवळ ते प्रवेश वेगळे काढून दाखवले तर दारूची जाहिरात म्हणून चालतील. पण त्याच रंगमंचावर, त्याच रात्री, दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या हातून पोटचे मूल जाते आणि बायको सिंधू जाते. हसण्याचे बिल प्रेक्षकाला त्याच बैठकीत चुकते करावे लागते, म्हणून ते नाटक दारूचे गुणगान ठरत नाही. तळीराम नसता तर नाटक नुसते प्रवचन झाले असते, आणि सिंधू नसती तर तो नुसता वग झाला असता. म्हणून सुरा दाखवला का, हा प्रश्न अपुरा पडतो; सुऱ्यानंतर काय दाखवले, हे विचारायला हवे.

शिवाय गुन्हेगाराचे गुणगान म्हणाल तर ते आपल्या भागाला नवे नाही, आणि ते भुरट्या चोराच्या वाट्याला कधी आले नाही. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली ती दुष्काळात लोकांना जगवण्यासाठी लूट करणाऱ्या माणसावर, आणि ती आपण डोक्यावर घेतली, ते योग्यच झाले. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी शेणोलीजवळ पगार घेऊन जाणारी रेल्वे लुटली, आणि पुढच्याच महिन्यात, २४ जुलैला, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. या घटना आपण अभिमानाने सांगतो आणि सांगाव्यातच. कायदा मोडणाऱ्या माणसाकडे आदराने पाहण्याची सवय या मातीला आहे. अट एवढीच की त्याच्यामागे काहीतरी मोठे कारण असावे. भुरट्या चोराजवळ ते नसते. तो कोणासाठी लढत नाही, त्याने कोणाला धान्य वाटलेले नाही, त्याच्यावर कोणी पोवाडा रचणार नाही. त्याला खलनायक करावे तर तेवढी त्याची ताकद नाही आणि नायक करावे तर तेवढी त्याची योग्यता नाही. म्हणूनच तो आपल्याला रंगमंचावर अडचणीचा वाटतो. वर्तमानपत्रात त्याच्या वाट्याला चार ओळी येतात: अमुक ठिकाणी चोरी, दोघांना अटक, इतक्या रुपयांचा मुद्देमाल हस्तगत. सिनेमात तो आला तर तिसऱ्या प्रसंगापर्यंत मोठा झालेला असतो. त्याच्यासोबत एका छताखाली, त्याच हवेत श्वास घेत, दोन तास बसावे लागते ते फक्त नाटकात. तिथे प्रसंग पुढे ढकलता येत नाही, आणि पान उलटून राशिभविष्याकडेही जाता येत नाही.

हिशेब या शब्दाने मला काय म्हणायचे आहे, ते नाटकातल्या एका प्रवेशावरून सांगतो. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला चौघे गल्ल्यातली रक्कम मोजायला बसतात. हळदीच्या दुकानातल्या नोटा. त्यांना पिवळी भुकटी लागलेली आहे. म्हातारा अंगठा जिभेला लावून नोटा मोजतो, आणि मोजता मोजता त्याची जीभ पिवळी होते. रक्कम भरते ८,६४० रुपये. चौघांत प्रत्येकी २,१६०. हमालाने मुलीच्या बाळंतपणासाठी दरमहा दहा टक्क्यांनी तीस हजार घेतलेले आहेत, म्हणजे महिन्याचे नुसते व्याज ३,००० होते. ज्यासाठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पहार उचलली, त्यातून त्याचे एका महिन्याचे व्याजही फिटत नाही. तो हे बोलून दाखवत नाही. आपल्या वाट्याच्या नोटा पुन्हा मोजतो, मग तिसऱ्यांदा मोजतो. तेवढ्यात पोरगा बादलीत हात घासायला लागतो, कारण हळद जात नाही, आणि उद्या पानपट्टीवर कोणीतरी विचारील याची त्याला भीती आहे. हमाल त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, “माझं हात तीस वर्सं पिवळंच हाईत. मला कोण इचारणार?” सभागृहात त्या वेळी जी शांतता पसरली, ती दोन्ही प्रयोगांत सारखीच होती. कामाची हळद आणि चोरीची हळद एकाच तळहातावर असते, दोन्हींचा रंग एकच असतो, हे सांगलीच्या प्रेक्षकाला समजावून द्यावे लागत नाही.

या प्रवेशावरही आक्षेप आला आणि तो वजनदार आहे. यार्डात तीस वर्षे पोती वाहिलेल्या एका माणसाने मला विचारले, की कर्ज आम्हालाही होते, पाठ आमचीही गेली, मग आम्ही कोणाचा गल्ला फोडला का? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना बांधली, त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि ज्यांच्या डोक्यावर ओझे होते त्या माणसांनी चोरी न करता आपला हक्क मिळवून दाखवला. अशा वर्गातला माणूस चोर म्हणून उभा करणे हा त्या लढ्याचा अपमान नाही का? मला वाटते, नाटक असे म्हणत असते की गरीब माणूस चोर होतो, तर तो अपमान झाला असता. पण नाटकात त्या हमालाचा मेहुणाही आहे. त्याच सावकाराचे, तितकेच देणे त्याच्याही डोक्यावर आहे, आणि तो रोज पहाटे यार्डात जातो. नाटककाराने दोघांना एकाच ताटात जेवताना दाखवले आहे. गरिबी हे कारण पुरेसे नाही, हे नाटकच सांगते. मग एकाचा पाय कुठे घसरला? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द ‘टोळी’. आपल्या जिल्ह्यात टोळी म्हटले की आधी डोळ्यांपुढे येते ती हमालांची किंवा ऊसतोडीची. टोळीत असलेल्या माणसाला नंबर असतो, वाटा असतो, आजारी पडला तर चार जण घरी येतात. पाठ गेल्यावर टोळीने त्याच्या जागी दुसरा घेतला, त्यात टोळीचीही चूक नव्हती. ओझे कोणीतरी उचलायलाच हवे होते. टोळीबाहेर पडलेल्या माणसाला ज्या दुसऱ्या तिघांनी ‘आमच्यात ये’ म्हटले त्यांना पोलीस टोळी म्हणतात. कायद्याचे संरक्षण नोंदीत असलेल्याला मिळते. नोंदीबाहेर गेलेल्याची ही गोष्ट आहे. आणि जाता जाता एवढे विचारावेसे वाटते, की २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे हाही गुन्हाच आहे, तरी नाटक पाहून आलेल्यांपैकी एकानेही त्या दहा टक्केवाल्याला चोर का म्हटले नाही?

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र मोठ्या आवाजात कोणी घेतला नाही. तो प्रयोगानंतर बाहेर उभ्या असलेल्या एका तरुण शिक्षकाने घेतला. म्हातारा चोर ज्या बोलीत बोलतो आणि पहिल्या अंकात त्याच्या आडनावावरून जी चेष्टा होते, त्यावरून तो एका विमुक्त जमातीतला आहे असे सुचवले जाते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. माणसाने काही करो वा न करो, त्याला हजेरी लावावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण तो कागदावरून गेला तितका मनांतून गेला का? चोरी झाली की गावाची पहिली नजर आजही गावाबाहेरच्या पालांकडे वळते. अशा वेळी चार चोरांतला अट्टल तेवढा त्याच जमातीतला दाखवणे म्हणजे त्या नजरेला तिकीट काढून दुजोरा देणे होते, असे त्या शिक्षकाचे म्हणणे. हा मुद्दा मला पटतो. नाटकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. दुसऱ्या अंकात पोरगा म्हाताऱ्याला विचारतो, पहिल्यांदा कधी चोरी केली, आणि म्हातारा सांगतो, की पहिल्यांदा मार खाल्ला तेव्हा चोरी केलेलीच नव्हती, दुसऱ्यांदा केली होती, आणि मार दोन्ही वेळा तेवढाच पडला. एका उत्तरात त्याने दीडशे वर्षांचा अन्याय सांगून टाकला. ज्याला हे लिहिता येते त्याला पहिल्या अंकातली आडनावावरची चेष्टा ठेवण्याची काहीच गरज नव्हती. ती काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते सेन्सॉरचे मत नसून नाटकावर प्रेम करणाऱ्या माणसाचे आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नाटकाच्या समर्थकांनी तोच पुसून टाकला आहे. परवानगी मिळणे आणि योग्य ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, ती या नाटकानेही घेतली, आणि तेवढ्यावर समर्थकांनी विषय संपला असे जाहीर केले. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर गदारोळ झाला तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निर्णय नाटकाच्या बाजूने लागला, तो लागायलाच हवा होता. पण ते नाटक आज टिकून आहे ते न्यायालयाच्या आदेशामुळे नव्हे, त्यातल्या माणसांमुळे. तीच गत ‘वास्तव’ या शब्दाची. पोलीस ठाण्यातली फिर्याद वास्तवच असते, पंचनामा वास्तवच असतो; आपण ते रंगमंचावर वाचून दाखवत नाही. नाटककार निवडतो. कोणाला बोलू द्यायचे, कोणाला गप्प ठेवायचे, उजेड कुठे पाडायचा, हे तो ठरवतो, आणि जे ठरवले त्याचा जाब त्याला विचारता आला पाहिजे. ‘वास्तव असेच असते’ असे म्हटले की हा जाब विचारणेच बंद होते. आणि ‘आवडत नसेल तर पाहू नका’ हे वाक्य तर मला फार खटकते. ज्या प्रश्नावर गावाने एकत्र बसून विचार करावा म्हणून नाटक केले, तो प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीचा आहे असे तुम्हीच म्हणू लागलात, तर नाटक केले कशासाठी?

आता त्या जागेकडे येतो जिथे हिशेब सुटला आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी राखणदाराच्या डोक्यात पहार बसते आणि तो पडतो. नट प्रेक्षकांकडे पाठ करून पडतो, आणि पडदा पडेपर्यंत तसाच पडून असतो. दुसऱ्या प्रयोगाला मी घड्याळ पाहिले, अकरा मिनिटे. त्यानंतर नाटकात त्याचा उल्लेख नाही. तो जगला की मेला, त्याच्या घरी कोण आहे, दुसऱ्या दिवशी दिवाणजीने त्याच्या पगाराचे काय केले, काही नाही. चौघे रात्रभर एकमेकांच्या विश्वासघाताबद्दल बोलतात, आपल्या दैवाबद्दल बोलतात, पोलिसांबद्दल बोलतात, पण त्या माणसाबद्दल बोलत नाहीत. ते चौघे दगड आहेत असे नाटककाराला दाखवायचे असते तर गोष्ट वेगळी. पण तसे नाही, कारण बाकी प्रत्येक बाबतीत त्याने त्यांना हळवे दाखवले आहे. त्याला स्वतःलाच राखणदाराचा विसर पडला आहे. राखणदारही महिन्याला काही हजारांवर राबणारा, त्याच यार्डातला, बहुधा त्याच सावकाराचा देणेकरी. गरिबाचा गुन्हा बहुतेक वेळा गरिबाच्याच डोक्यात बसतो, ही यातली सर्वांत कडू बाब, आणि नाटकाने नेमकी तीच वगळली.

शूद्रकाने ती वगळली नव्हती. शर्विलक चोरीचे दागिने घेऊन मदनिकेकडे येतो तेव्हा, दागिने ओळखल्यावर, ती विचारते की त्या घरात तू कोणाला मारले नाहीस ना, कोणाला जखमी केले नाहीस ना. आपल्या सुटकेचे मोल समोर ठेवलेले असताना तिला आधी त्या घरातल्या माणसांची काळजी वाटते, आणि शर्विलकाला तिच्यापुढे उत्तर द्यावे लागते. एवढ्यावरही नाटक थांबत नाही. ते आपल्याला चोरी झालेल्या घरात नेते. ठेव म्हणून ठेवलेले दागिने गेले, आता लोक चारुदत्तालाच चोर म्हणतील, म्हणून त्याची बायको धूता आपल्याजवळ उरलेला एकुलता एक रत्नहार काढून देते. शर्विलकाच्या प्रेमाची किंमत धूतेने मोजली, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. चोराच्या कारागिरीचे कौतुकही त्यात आहे आणि फुटलेल्या घराची नामुष्कीही आहे. याउलट वाल्याची गोष्ट घ्या. प्रत्येक पापामागे एक खडा याप्रमाणे त्याचे सात रांजण भरले हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, पापात वाटेकरी व्हायला घरच्यांनी नकार दिला हेही ठाऊक आहे, पण त्या रांजणांतल्या एका तरी खड्याचे नाव कोणाला सांगता येईल का? चोराच्या पश्चात्तापाची गोष्ट सांगायला आपण शिकलो, आणि वाटेवर पडलेला माणूस खड्याएवढाच राहिला. नव्या नाटकाने मदनिकेचा वारसा घ्यायचा सोडून रांजणांचा घेतला, ही त्याच्यावरची माझी खरी तक्रार आहे. शिव्यांवर पाने खर्च करणाऱ्यांनी यावर दोन ओळी लिहिल्या असत्या, तरी हा वाद नाटकाच्या उपयोगी पडला असता.

नाटकाचा पुढचा प्रयोग मिरजेत होणार आहे असे कळते. लेखक आणि दिग्दर्शक दोघेही तिशीच्या आतले आहेत, संहितेवर अजून काम करत आहेत, आणि त्यांच्याकडून मला मोठी आशा आहे, म्हणूनच हे इतक्या तपशिलाने लिहितो आहे. नवा प्रवेश लिहायला हवा असे नाही, नवे पात्रही नको. माणूस रंगमंचावर आहेच. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यापुढे नुसते ‘राखणदार’ असे छापले आहे, तिथे त्याला एक नाव द्यावे. पडताना त्याचे तोंड प्रेक्षकांकडे असावे. आणि दुसऱ्या अंकात, नोटा मोजून झाल्यावर, बादलीत हात घासता घासता पोराने एकदा त्याचे नाव घेऊन विचारावे, की तो उठला असेल का.